काळीज, काळजी आणि निष्काळजी

शरीराच्या अवयवांची नावं आणि त्यांच्यावरून आलेले वाक्प्रचार, हा आपला विषय. आज आपण ‘काळीज’ घेऊ. वरवर पाहता यात सांगण्यासारखं काही नाही. काळीज म्हणजे हृदय, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण मटणाच्या दुकानात जा आणि पाव किलो काळीज मागा. दुकानदार हृदय तोलून देणार नाही. तो यकृत देईल. तो त्याला कलेजी म्हणेल, काही गावांत काळीजच म्हणेल. म्हणजे एकाच शब्दानं कवी एका अवयवाकडे बोट दाखवतो आणि खाटीक दुसऱ्याच. दोघांपैकी बरोबर कोण?

शब्दाच्या जन्माकडे पाहिलं तर खाटीक बरोबर आहे, वापराकडे पाहिलं तर दोघंही. पण आम्ही आज हा शब्द निवडला तो एवढ्यासाठी नाही. याच काळजातून ‘काळजी’ निघाली आहे. हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा तोंडी घेतो, फोन ठेवताना म्हणतो, निरोपाच्या शेवटी लिहितो. त्याच्या पोटात दोन वेगळे अर्थ आहेत. त्यांची सरमिसळ झाली की नुकसान कुणाचं होतं, ते आज पाहायचं आहे. आधी काळीज, मग काळजी.

व्युत्पत्ती सांगणं हा आपल्याकडे लोकप्रिय खेळ आहे. शब्द मधोमध तोडायचा, दोन तुकड्यांना दोन अर्थ द्यायचे, ऐकणारे खूश. ‘काळजी’ची फोड ‘काळ’ आणि ‘जी’ अशी करून कुणी त्यातून तत्त्वज्ञानही काढून दाखवील. अशा वेळी आपण तीन प्रश्न विचारावेत. एक, ध्वनी नियमानं बदलले आहेत का? दोन, बहिणी-बहिणी असलेल्या भाषांत तोच शब्द सापडतो का? तीन, एका अर्थापासून दुसऱ्या अर्थापर्यंत चालत जाता येईल अशी वाट आहे का?

‘काळीज’ला हे तीन प्रश्न लावून बघू. संस्कृतात यकृताला ‘कालेय’ असा एक शब्द आहे. त्यातल्या ‘ल’चा मराठीत ‘ळ’ होणं नेहमीचंच: फल-फळ, कमल-कमळ, काल-काळ. शेवटच्या ‘य’चं काय? प्राकृतात अशा जागी ‘ज्ज’ येतो आणि मराठीत त्याचा ‘ज’ होतो. संस्कृत ‘पेया’ची आपली ‘पेज’ झाली, ‘शय्या’ची ‘शेज’ झाली. त्याच रस्त्यानं ‘कालेय’चं ‘काळीज’ झालं. कोकणात सकाळी पेज पिणाऱ्या माणसाच्या ताटलीत आणि त्याच्या छातीत ध्वनीचा एकच नियम आहे म्हणा ना.

दुसरा प्रश्न बहिणींचा. हिंदीत आणि पंजाबीत कलेजा, गुजरातीत काळजुं, कोकणीत काळीज, बंगालीत कलिजा. राल्फ टर्नर यांनी भारतीय-आर्य भाषांचा जो तौलनिक कोश १९६२ ते १९६६ या काळात प्रसिद्ध केला, त्यात अशी कुटुंबं एकत्र मांडलेली आहेत. यातल्या बऱ्याच भाषांत हा शब्द जेवणाच्या ताटात यकृत असतो आणि गाण्यात हृदय. म्हणजे आपला खाटीक एकटा नाही.

तिसरा प्रश्न अर्थाचा. ‘काल’ म्हणजे काळा. ‘अमरकोशा’त यकृताला ‘कालखंड’ असा पर्याय दिलेला आहे. आज आपण कालखंड म्हणजे इतिहासातला काळ समजतो, पण तिथं अर्थ आहे काळा तुकडा. कापलेल्या बकऱ्याचं यकृत ज्यानं पाहिलंय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. काळपट, जड, रक्तानं भरलेला तो मांसाचा तुकडा असतो. रंगावरून नाव पडलं.

आता मुख्य अडचण. यकृताचं नाव हृदयाला लागलं कसं? मराठीला हृदयासाठी शब्द नव्हता का? होता. संस्कृत ‘हृदय’, प्राकृतात ‘हिअय’, हिंदीत ‘हिया’. मराठीत त्याच घराण्यातला शब्द आजही जिवंत आहे, फक्त आपण त्याला ओळखत नाही. ‘मनाचा हिय्या करून तो बोलला’, असं आपण म्हणतो. तो हिय्या म्हणजे मुळात हृदयच. पण मराठीनं त्याला धाडसाच्या कामाला लावलं आणि अवयव म्हणून कामावरून कमी केलं. ‘हृदय’ हा तत्सम शब्द पोथीत आणि पंडितांच्या तोंडी राहिला. बोलीत जी जागा मोकळी झाली ती काळजानं घेतली, असं आम्हाला वाटतं.

यात मराठी माणसाचं शरीरशास्त्र कच्चं होतं असं समजायचं कारण नाही. यकृताला जिवाचं ठिकाण मानणं ही जगभरची गोष्ट आहे. बाबिलोनियात मेंढीच्या यकृतावरच्या खुणा पाहून भविष्य सांगत. त्यासाठी मातीची यकृतं घडवलेली होती, ती आज संग्रहालयांत आहेत. ग्रीकांच्या कथेत प्रॉमिथिअसला शिक्षा मिळते ती गरुडानं रोज यकृत खाण्याची. मलय भाषेत ‘हाती’ म्हणजे यकृत, आणि प्रेम, दुःख, मर्जी सगळं त्या हातीतच घडतं. फारसीतला ‘जिगर’ म्हणजे यकृत, आणि भाषाशास्त्राच्या दृष्टीनं तो आपल्या ‘यकृत्’चा सख्खा चुलतभाऊ. हा शब्द मराठीत आला तो जिगरी दोस्त आणि जिगरबाज खेळाडू घेऊन. कबड्डीच्या मैदानावर ‘काय जिगर आहे!’ असं ओरडणारा प्रेक्षक खेळाडूच्या यकृताचं कौतुक करत असतो.

वैद्यकाचंही तसंच. सुश्रुताच्या मते रसाला रंग देऊन त्याचं रक्त करणारं रंजक पित्त यकृत आणि प्लीहेत असतं. युरोपात गॅलनच्या शिकवणीप्रमाणे अन्नापासून रक्त यकृतात तयार होतं, असं शतकानुशतकं मानत होते. १६२८ साली विल्यम हार्वे यांनी रक्ताभिसरणावरचा ग्रंथ छापला आणि हृदय हा पंप आहे हे दाखवून दिलं. त्यानंतर यकृताचा मान उतरला. भाषा मात्र ग्रंथ वाचून आपले शब्द दुरुस्त करत नाही.

आता वाक्प्रचारांकडे वळू. शालेय पुस्तकांच्या मागे वाक्प्रचारांची यादी असते. तिथं काळजाच्या बहुतेक वाक्प्रचारांसमोर ‘खूप घाबरणे’ किंवा ‘खूप दुःख होणे’ एवढंच लिहिलेलं असतं. परीक्षेत गुण मिळतात, पण शब्द मरतो. काळजाला नक्की काय होतंय, ते या यादीत कुणी पाहतच नाही.

आपण पाहू. काही वाक्प्रचारांत काळीज हलतं. काळीज धडधडतं, काळजाचा ठोका चुकतो, काळीज वरखाली होतं. हा अवयव हृदय आहे यात शंका नाही, कारण यकृत धडधडत नाही. पण दुसरा गट घ्या. काळजाचं पाणी पाणी होतं. काळीज तीळ तीळ तुटतं. काळीज पिळवटून निघतं. काळजाला घरं पडतात, आणि इथं घर म्हणजे राहायचं घर नव्हे, भोक किंवा खळगा. काळजात चर्र होतं, तापल्या तव्यावर काहीतरी पडावं तसं. मूल काळजाचा तुकडा असतं. या गटात ठोका नाही, गती नाही. इथं काळीज हा एक पदार्थ आहे. तो तुटतो, पिळला जातो, पोळतो, वितळतो, त्याचा तुकडा पडतो. आमचं वाचन असं, की हा गट जुना काळा तुकडा विसरलेला नाही. पहिल्या गटात भीती अचानक येते आणि जाते. दुसऱ्यात दुःख मुक्कामाला येतं. ‘काळजाचा ठोका चुकला’ हे क्षणाचं बोलणं आहे. ‘काळजाला घरं पडली’ हे वर्षांचं आहे. दोन्हींसमोर ‘घाबरणे’ आणि ‘दुःख होणे’ लिहून हा फरक कळणार नाही.

आणि म्हणूनच सध्या ‘काळजाचा ठोका चुकवणारा व्हिडिओ’ असा जो मथळा रोज दिसतो, तो खटकतो. गाडीखाली येता येता कुत्रं वाचलं, ठोका चुकला. खेळाडूनं झेल घेतला, ठोका चुकला. दिवसातून इतक्या वेळा ठोका चुकायला लागला तर माणसानं तपासणी करून घ्यायला हवी. शब्द वापरून झिजतात हे खरं, पण विकण्यासाठी वापरलेले शब्द लवकर झिजतात.

तपासणीवरून एक कामाची गोष्ट. ‘काळजात दुखतंय’ असं एखादी म्हातारी दवाखान्यात सांगते तेव्हा ती छातीवर हात ठेवते का पोटाच्या वरच्या भागावर, हे पाहिल्याशिवाय पुढं जाऊ नये. हा गावंढळ गोंधळ नाही. इंग्रजीतही पित्तानं होणाऱ्या जळजळीला हृदयाच्या नावानंच ओळखतात, आणि जठराच्या वरच्या तोंडाला शरीरशास्त्रात आजही ‘कार्डिया’ म्हणतात, जो ग्रीक भाषेत हृदयाचा शब्द आहे. शिवाय हृदयविकाराचा झटका कधी कधी अॅसिडिटीसारखाच जाणवतो. तेव्हा शब्दाचा अर्थ लावण्याआधी ‘आजी, बोट ठेवून दाखवा’ म्हणणं शहाणपणाचं.

आता काळजी. लाकूड-लाकडाला, तसं काळीज-काळजाला. मधला स्वर गळतो. त्याला ‘ई’ लागली, जशी चोरला लागून चोरी होते आणि शेतला लागून शेती, तशी काळजी झाली. काळजाचं जे काही चालतं ते. तिच्या शेजारचे शब्द बघा. ‘चिंता’ चिंतनाच्या घरातली, म्हणजे विचारातली. ‘फिकीर’ अरबीतून आली, तिचाही मूळ अर्थ विचारच. या दोघी डोक्यात राहतात. मराठीत एकटी काळजी मांसात राहते. चिंता दुसऱ्या गोष्टीत मन गुंतवून थोडी बाजूला सारता येते. काळजी पोटात खड्डा पाडते, झोप उडवते, भूक मारते.

पण याच शब्दाचा दुसराही अर्थ आहे, आणि तो अगदी उलट दिशेचा वाटतो. ‘काळजी करू नकोस’ आणि ‘काळजी घे’ ही दोन्ही वाक्यं आपण एका श्वासात म्हणतो. परक्या माणसाला मराठी शिकवताना इथं थांबावं लागतं. एकच गोष्ट करू नको आणि घे, हे कसं? उत्तर क्रियापदात आहे. काळजी वाटते, काळजी लागते: इथं माणूस कर्ता नाही, त्याच्यावर ती येऊन पडते. काळजी करतो: इथं तो कर्ता झाला, पण जागेवरच बसलेला आहे. काळजी घेतो: इथं उठला. औषधाची वेळ पाहिली, कूस बदलून दिली, पथ्याचं रांधलं. नाम तेच, पण क्रियापद बदललं की माणूस खुर्चीतून उठतो.

आता दोन वाक्यं घ्या. ‘मला आईची काळजी वाटते.’ ‘मी आईची काळजी घेते.’ पहिलं वाक्य न्यू जर्सीतून किंवा दुबईतून म्हणता येतं, पुण्यातून गावाकडे फोन करूनही म्हणता येतं. दुसरं म्हणायला त्याच घरात असावं लागतं. आम्ही पहिल्याला खोटं म्हणत नाही. दूर असलेल्या मुलाची झोप खरोखर उडते, आणि त्यानं पाठवलेले पैसे हेही एक काम आहे. पण ‘आम्ही आईची फार काळजी करतो’ या वाक्यानं घरात राहून काळजी घेणाऱ्या सुनेची, धाकट्या बहिणीची किंवा पगारी बाईची जागा झाकली जाते. दोन्ही वाक्यांत ‘आईची काळजी’ हे शब्द सारखेच असल्यामुळे ते सहज जमतं.

हा फरक खरा आहे याचा पुरावा भाषेतच आहे. चिंता नसलेल्या माणसाला आपण ‘निश्चिंत’ म्हणतो. ती सुखाची अवस्था. त्याच चालीवर काळजी नसलेला माणूस ‘निष्काळजी’, आणि हा थेट आरोप आहे. निष्काळजी माणूस रात्रभर तळमळत असला तरी निष्काळजी ठरू शकतो. कायद्याचंही तसंच. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ३०४-अ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आहे. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर चालकाला किती काळजी वाटत होती, हे न्यायालय विचारत नाही. त्यानं काय करायला हवं होतं आणि काय केलं, हे विचारतं. म्हणजे नकाराचा उपसर्ग लावताना मराठीनं काळजीच्या दोन अर्थांतून घेण्याचा अर्थ निवडला. भाषेचा हा निवाडा आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

घरात मात्र हा आरोप सारखा वाटला जात नाही. मूल पाय घसरून पडलं की पहिला प्रश्न आईला: ‘लक्ष कुठं होतं तुझं?’ बाबा सोफ्यावरच होते, पण त्यांना काळजी ‘वाटते’, त्यामुळे ते सुटतात.

आता सरकारी मराठी काय करते ते पाहा. इंग्रजीत रुग्णालयापासून पाळणाघरापर्यंत एकच ‘केअर’ शब्द चालतो. मराठीत रुग्णालयातला विभाग झाला ‘अतिदक्षता’. आरोग्याची झाली ‘सेवा’. मुलांचं झालं ‘संगोपन’. आजाऱ्याची झाली ‘शुश्रूषा’, ज्याचा संस्कृतातला मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे, आणि तो फार सुंदर आहे. सगळे शब्द चांगले आहेत. पण यांत ‘काळजी’ नाही. ती ठळकपणे दिसते ती ‘काळजीवाहू सरकार’ या शब्दांत. आणि त्या सरकारनं मोठे निर्णय घ्यायचे नसतात, पुढचं येईपर्यंत नुसतं बसायचं असतं. म्हणजे इथं काळजी हा शब्द घेतला तो नेमका जागेवर बसण्याच्या अर्थानं.

याचा परिणाम काय होतो? ‘सेवा’ या शब्दाला पगार आहे, सेवापुस्तक आहे, सेवानिवृत्ती आहे. काळजीला यातलं काही नाही. ती घरगुती राहिली, म्हणून तिचा हिशेब नाही. आणि अंगणवाडी सेविकांच्या, आशा स्वयंसेविकांच्या नावात सेवा आली तरी त्यांना मिळतं ते ‘मानधन’, वेतन नव्हे. शब्द किती जपून निवडलेले असतात बघा. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली देशभर वेळ-वापर सर्वेक्षण केलं. घरातल्या माणसांची विनामोबदला देखभाल करणाऱ्यांत बाया तेव्हा दिवसाला सरासरी १३४ मिनिटं देत होत्या आणि पुरुष ७६. विनामोबदला घरकाम करणाऱ्यांत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. सर्वेक्षणात ‘काळजी वाटणे’ असा रकाना नाही, कारण वाटण्याला मिनिटं लागत नाहीत.

आमचा आक्षेप शेवटी एका वाक्यावर आहे. ‘काळजी करू नका.’ नातेवाईक दवाखान्याच्या दारात उभे असतात, आत काय चाललंय ठाऊक नसतं, आणि बाहेर येऊन कुणीतरी हे वाक्य बोलून निघून जातं. बोलणाऱ्याचा हेतू बरा असतो. पण काळजी काळजाची आहे, ती हुकमानं थांबत नाही. ती थांबते माहितीनं, किंवा हाताला काम मिळाल्यानं. आज रात्री काय होऊ शकतं, कशाकडे लक्ष ठेवायचं, काही वाटलं तर कुणाला हाक मारायची, हे सांगितलं की वाटणारी काळजी घेतल्या जाणाऱ्या काळजीत बदलते. ते न सांगता नुसतं ‘करू नका’ म्हणणं म्हणजे समोरच्याला गप्प करणं.

तसंच आपल्या निरोपाचं. ‘काळजी घे’ हे आपण ज्याला म्हणतो त्याच्यावरच काम सोपवून मोकळे होतो. ते म्हणू नये असं नाही, त्यात माया आहे. पण कधीतरी त्याच्यापुढं एक वाक्य जोडून बघावं: ‘रविवारी मी येतो, तू जरा बाहेर जाऊन ये.’ वर्षानुवर्षं आजाऱ्याशेजारी बसलेल्या माणसाला या वाक्याचा अर्थ लगेच कळतो. त्याला व्युत्पत्ती सांगावी लागत नाही.

तर मंडळी, पुढच्या व्याख्यानापर्यंत एक काम करा. घरात, बसमध्ये, कचेरीत ‘काळजी’ शब्द कानावर आला की त्याच्यामागचं क्रियापद टिपून ठेवा. वाटते, लागते, करतो का घेतो? आणि बोलणारा कोण आहे, तेही टिपा. पुढच्या वेळी सुरुवात त्या वह्यांपासूनच करू.